स्वस्त घर स्वस्त का असतं?

सिमेंटची गोणी बीडजवळच्या मांजरसुंब्यात आणि पुण्याजवळच्या वाघोलीत थोड्याफार फरकाने एकाच भावाला मिळते. सळीचंही तेच. वाळू मिळवताना होणारी दमछाक दोन्हीकडे सारखी. गवंडी पुण्यात जास्त मजुरी मागतो हे खरं, पण त्याने किंमत काही पाचपट होत नाही. तरीही दोन खोल्यांच्या त्याच घराची किंमत इकडे एक आणि तिकडे तिच्या कित्येक पट. विटा-सिमेंटचा हिशेब दोन्हीकडे जुळतो. जुळत नाही तो खालच्या जमिनीचा. शहरात घर महाग झालं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जागा महाग झालेली असते.

हे ध्यानात आलं की स्वस्त घराची जाहिरात वाचण्याची रीतच बदलते. शहरातलं एखादं घर शेजारच्यांपेक्षा बरंच स्वस्त मिळत असेल, तर जागेची किंमत कुणीतरी कुठेतरी खाली आणलेली असते. ती खाली आणायच्या वाटा मोजक्या आहेत. जागा लांब असते. किंवा आपल्या वाट्याला ती अगदी थोडी येते. किंवा तिच्या कागदात खोट असते. नाहीतर सरकारने, क्वचित लोकांनी एकत्र येऊन, ती बाजारभावाच्या बाहेर काढलेली असते. पाचवी वाट मला तरी दिसलेली नाही. ‘मालकाला पैशांची निकड आहे म्हणून स्वस्तात काढलंय’ असं एजंट सांगू लागला, तर यातली तिसरी वाट चालू आहे असं धरून चालावं.

कपिलधारच्या माणसाला या चारही वाटा घरापासून फार लांब नाहीत. बालाघाटच्या डोंगरातलं हे ठिकाण लोकांना माहीत आहे ते पावसाळ्यातल्या धबधब्यामुळे आणि मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातून वीरशैव लिंगायत भाविक इथे येतात. यात्रा संपली की सगळे मांजरसुंब्याच्या चौकात उतरतात आणि तिथून पांगतात. उत्तरेचा रस्ता बीडवरून छत्रपती संभाजीनगरला जातो. दक्षिणेचा धाराशिव-तुळजापूर करत सोलापूरला. पश्चिमेचा पाटोदा, जामखेड, आष्टी, अहिल्यानगर असा फिरत नगर रोडने पुण्यात शिरतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांची पोरं आज याच रस्त्यांनी शिकायला, कंपनीत कामाला किंवा डिलिव्हरीच्या धंद्यात जातात. कोयत्यावर गेलेल्या माणसाचा सहा महिन्यांचा मुक्काम कारखान्याजवळच्या कोपीत होतो. पोराला मात्र बारा महिन्यांचं घर शोधावं लागतं.

पहिलं घर जाहिरातीतून मिळत नाही, ते पाहुण्यांकडून मिळतं. मामाचा मुलगा रांजणगावला असतो, गावातलं कुणीतरी चाकणला असतं. ‘ये, आमच्या रूमवर एक जागा रिकामी आहे’ एवढ्यावर पोरगं बॅग भरतं. नगर रोडने पुण्यात येताना आधी रांजणगावची एमआयडीसी लागते, मग शिक्रापूर, सणसवाडी, मग वाघोली. मराठवाड्यातून आलेली माणसं या पट्ट्यात जागोजागी भेटतात, त्यामागे हेच साधं कारण आहे: जिथे एस.टी. उतरवते तिथे ओळखीचं कुणीतरी आधी पोहोचलेलं असतं.

ही रीत नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरच्या गावांच्या सामाईक खोल्या असायच्या. एका खोलीत पाळ्या लावून माणसं झोपायची, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा व्हायचा आणि जेवण खाणावळीत. धोबीतलाव भागातले गोवेकरांचे कूड याच जातीचे, गावाच्या नावाने चालणारे. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढायचा. पुण्यात आता त्याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. खोली तुमची नसते, खाट तुमची असते. जागेचा महागडा भाव चौघांत वाटून घेण्याची ही युक्ती आहे आणि एकट्या माणसाला तिच्याइतकं स्वस्त काहीही मिळत नाही. समजा, दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं सोळा हजार आहे. चौघांत माणशी चार हजार पडतात, आणि डिपॉझिटचेही चार वाटे होतात. अडचण एकच, करार बहुधा एकाच्या नावावर असतो. तो एक जण नोकरी बदलून निघून गेला की उरलेल्या तिघांना त्या घरात राहण्याचा कागदोपत्री काही आधार राहत नाही. चौघांचीही नावं करारात घालून घेणं शक्य असतं आणि त्याला जास्तीचा खर्च म्हणावा असा येत नाही. तरी बहुतेक जण ते करत नाहीत.

लांबच्या घराचा हिशेब मात्र चुकतो, कारण भाडं एका खिशातून जातं आणि पेट्रोल दुसऱ्या. कामाच्या जागेपासून वीस किलोमीटर लांब खोली घेतली तर रोजचं येणं-जाणं चाळीस किलोमीटर. दुचाकी लिटरला पन्नास देत असेल आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे असेल, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत दोन हजारांहून जास्त रुपये रस्त्यावर जातात. म्हणजे जी खोली दोन हजारांनी स्वस्त आहे ती मुळात स्वस्त नाहीच, वर नगर रोडच्या कोंडीत जाणारा वेळ फुकटचा. वाघोली, नऱ्हे, मांजरी ही गावं पुणे महापालिकेत आली ती ३० जून २०२१ला समाविष्ट झालेल्या तेवीस गावांबरोबर. हद्द एका आदेशाने वाढते, नळ मात्र आदेशाने येत नाही. त्यामुळे अशा भागात भाडं विचारताना पाण्याचं विचारावं: टँकर किती लागतात आणि त्याचा पैसा मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळा.

भाड्याच्या कायद्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाचे समज आहेत. जुन्या मालकांना वाटतं भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही, आणि नव्या भाडेकरूंना वाटतं आपल्याला कायद्याचा काहीच आधार नाही. पहिल्या समजाला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं १९४०च्या पातळीवर जवळपास गोठवलं. भाडेकरू सुखावला, पण मालकाने दुरुस्ती सोडून दिली, नवीन माणसाला खोली देणं बंद केलं आणि भाडं ज्या वाटेने घेता येत नव्हतं ते पागडीच्या वाटेने घ्यायला सुरुवात केली. भाडं स्वस्त ठेवायला केलेल्या कायद्याने भाड्याची घरंच दुर्मीळ केली, हे मुंबईने अर्धं शतक पाहिलं. मराठवाड्यात तो कायदा नव्हता; इथे हैदराबाद राज्याचा १९५४चा घरभाडे कायदा चालत राहिला आणि विदर्भात तिसराच. ३१ मार्च २०००पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात त्याने वर्षाला चार टक्के वाढीला वाट दिली आणि पागडीलाही कायद्याच्या चौकटीत घेतलं.

आज आपण खोली घेतो ती मात्र भाडेकरू म्हणून नव्हे, परवानाधारक म्हणून, ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर. हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असं याच कायद्याचं ५५वं कलम सांगतं, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकतं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर ज्या अटींवर जागा दिली त्याबद्दल भाडेकरू जे सांगतो ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या अंगावर येतं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. खर्चाचा बाऊ केला जातो तोही फुकाचा. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर धरलेल्या दहा टक्के वार्षिक व्याजावर मिळून पाव टक्का. महिना दहा हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने असतील तर ते तीनशे रुपयांच्या आत बसतं. नोंदणी फी शहरात हजार रुपये. बाकी जे मागितलं जातं ती एजंटची मजुरी. आता आधार आणि अंगठ्यावर ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. अकरा महिन्यांचा दंडक मात्र कायद्याचा नाही, सवयीचा आहे. करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो आणि दरवर्षीची वाढ आधीच लिहून घेता येते. त्याने दर अकरा महिन्यांनी नव्याने द्यावी लागणारी दलाली वाचते.

कायद्याची दुसरी बाजूही पक्की आहे. मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर २४व्या कलमानुसार ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. डिपॉझिट किती घ्यावं यावर आपल्या राज्यात मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, पण इथे चालतो तो १९९९चाच कायदा. त्यामुळे डिपॉझिट नेहमी बँकेतून द्यावं आणि आकडा करारात लिहून घ्यावा. घर ताब्यात घेताना भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकालाच पाठवून ठेवावेत. सोडताना रंगकामाच्या नावाखाली जे कापलं जातं त्याच्याशी भांडायला तेवढाच पुरावा असतो.

आडनाव विचारून, काय खाता ते विचारून, ‘बॅचलर चालणार नाही’ म्हणून घर नाकारलं जातं ते वेगळं. त्यावर कागद उपाय करू शकत नाही, आणि पाहुण्यांच्या साखळीबाहेर पडू पाहणाऱ्या पोरा-पोरींना शहराची खरी भिंत तिथेच लागते.

आता विकत घेण्याचं. इथे आधी एक आकडा पाठ करावा: नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखाला महिना साधारण नऊशे रुपये हप्ता. वीस लाखांचं कर्ज म्हणजे अठरा हजार, आणि वीस वर्षांत परत केलेली रक्कम त्रेचाळीस लाखांच्या पुढे. पण घर अडतं ते हप्त्याच्याही आधी, हातातल्या रोख पैशावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते. पंचवीस लाखांच्या फ्लॅटला अडीच लाख आपले. वर पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे पावणेदोन लाख, नोंदणी पंचवीस हजार, आणि बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर एक टक्का जीएसटी म्हणजे आणखी पंचवीस हजार. झाले पावणेपाच लाख, आणि अजून पंखाही लागलेला नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार इमारतीतल्या घरावर जीएसटी नसतो. तयार घर थोडं महाग दिसतं ते या हिशेबानंतर बऱ्याचदा तसं राहत नाही, शिवाय ते उभं राहिलेलं असतं, ही काही लहान गोष्ट नाही.

न उभ्या राहिलेल्या घरांसाठीच महारेरा आलं, १ मे २०१७पासून. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचा. प्रकल्पाचा नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे, ताब्याची तारीख आणि जमिनीवरचे दावे वाचता येतात.

आणि आता ती जागा, जिथे सरकार जमिनीचा भावच काढून टाकतं. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर इमारती उभारणाऱ्या बिल्डरने वीस टक्के घरं लहान आकाराची बांधायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटाला द्यायची, असा नियम २०१३ पासून आहे. त्यांची किंमत ठरते ती सरकारी तक्त्यातल्या बांधकाम खर्चाला धरून. जमिनीचा भाव त्यात मोजत नाहीत. बदल्यात बिल्डरला जास्तीचं चटईक्षेत्र मिळतं. म्हणजे एकाच कुंपणाच्या आत दोन किमतींची घरं: एकीत जमीन आहे, दुसरीत नाही. पुण्यात स्वस्त घर शोधणाऱ्याने आधी पाहावी ती ‘२० टक्के सर्वसमावेशक योजना’. तरी जाहिरातींच्या फलकांवर ती कुठेच दिसत नाही. कशी दिसेल?

याआधीही सरकारने जमीन स्वस्त केलेली आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधल्या कामगारांसाठी १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं. त्याने जमिनी संपादित करून भूखंड आणि घरं नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, म्हणून निगडी-प्राधिकरणात त्या काळी एखाद्या फिटरलाही बंगली बांधता आली. ती स्वस्ताई आली कुठून? ज्यांच्या शेतजमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के परतावा द्यायचा प्रश्न पुढे पन्नास वर्षं लोंबकळत राहिला. प्राधिकरण २०२१मध्ये विसर्जित झालं तरी तो पुरता मिटला नव्हता. कामगाराच्या घराची सवलत शेतकऱ्याच्या खात्यातून गेली होती. स्वस्त जागेची किंमत कुणीतरी मोजतंच.

मांजरसुंब्याच्या चौकातून उत्तरेकडे गेलं की संभाजीनगर. तिथेही १९७०च्या दशकात सिडको आलं आणि एन-१ पासून एन-१३ पर्यंतच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. पुढे वाळूजला कारखाने वाढले, मागोमाग माणसं आली, पण आखीव घरं तेवढ्या वेगाने आली नाहीत. ती पोकळी गुंठेवारीने भरली. एखाद्याने शहराच्या कडेची शेती घ्यायची, तिचे एक-एक, दीड-दीड गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता सोडायचा आणि शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून द्यायचं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन खोल्या, मोरी आणि दारात तुळस मावते. हप्त्याने पैसे घ्यायला मालक तयार असतो, बँक मात्र कर्ज देत नाही. ती का देत नाही, हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा, कारण बँकेच्या वकिलाने जे पाहिलेलं असतं तेच आपण पाहायचं टाळतो.

शेतजमिनीचे इतके बारीक तुकडे पाडायला १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई होती. म्हणून सातबारावर वेगळं नाव लागत नाही. लागलंच तर दहा-बारा जणांचं सामाईक. अकृषिक परवानगी नाही, मंजूर रेखांकन नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही. मग नळ, गटार, डांबर यांसाठी वर्षानुवर्षं नगरसेवकाच्या दारात उभं राहायचं. लाखो लोक असे राहतात हे नाकारता येईना, तेव्हा राज्याने २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू केला. विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क भरलं की घर नियमित होतं. म्हणजे आधी स्वस्तात घेतलेल्या जागेचं उरलेलं बिल वीस वर्षांनी महापालिकेत भरायचं. तुकडेबंदीचे नियमही सरकारने आता शहरी भागात बरेच सैल केले आहेत. पण सैल होतात ते जुन्या व्यवहारांसाठी. ‘पुढे कधीतरी नियमित होईलच’ म्हणून आज नवा तुकडा घेणं हा जुगार आहे.

मराठवाड्याच्या जमिनीत आणखी एक खोच असते, जी पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या यादीत सहसा नसते. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी. मदतमाश, खिदमतमाश ही नावं जुन्या खासरा-पाहणी पत्रकात आणि फेरफारात सापडतात. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेली जमीन. ती सेवा करणाऱ्याच्या मालकीची नसते, म्हणून तिची विक्रीच टिकत नाही. बीड जिल्ह्यात अशा जमिनींच्या व्यवहारांवरून गुन्हे दाखल झालेले आहेत. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय विसार पावतीचाही रुपया देऊ नये. आजच्या सातबारावर वर्ग १ दिसत असेल, तरी तो कोणत्या फेरफाराने आणि कुणाच्या सहीने झाला ते मागे जाऊन पाहावं. नोटरी केलेलं साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखताने, आणि नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला वकील जे घेतो ते एका गुंठ्याच्या किमतीपुढे काहीच नसतं.

चौकातून दक्षिणेच्या रस्त्यावर चौथी वाट दिसते ती लोकांनी एकत्र येऊन काढलेली, आणि महाराष्ट्रात ती फार कुणी चाललेलं नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका पूर्व भागातल्या भाड्याच्या खोल्यांत राहायच्या. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, आणि त्यांच्या कामगार संघटनेने या बायकांच्या गृहनिर्माण संस्था काढल्या. शहराबाहेर कुंभारीच्या माळावर संस्थेने जमीन घेतली आणि खर्चाचा वाटा केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांनी उचलावा यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. त्यानंतर रे नगर: तीस हजार घरं, विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, वाहनचालक अशा असंघटितांसाठी. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ला त्यांनीच पहिली पंधरा हजार घरं सुपूर्द केली. लाल बावट्याच्या संस्थेच्या कार्यक्रमाला दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आले, यावरून मास्तरांच्या चिकाटीचा अंदाज यावा.

इथे किंमत कशी उतरली ते पाहण्यासारखं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून प्रत्येक घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळाले. पण तेवढ्याने भागलं नसतं. एकेकट्या बाईला गुंठा घ्यायला गेलं तर एजंटचा भाव मिळाला असता. हजारो जणींची संस्था म्हणून माळरान एकरांनी घेतलं गेलं, त्यामुळे घरामागे जमिनीचा वाटा अगदी थोडा आला आणि खरेदीखत पक्कं झालं. गुंठेवारीत शेती आणि घर यांच्यामधला सगळा फायदा तुकडे पाडणाऱ्याच्या खिशात जातो. कुंभारीत तो राहणाऱ्यांकडेच राहिला. ही योजना निर्दोष नाही. घर शहरापासून लांब आहे, आणि विडी कामगार बाईला पानं-तंबाखू आणायला व वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्याच्या शाखेत जावं लागतं, तेव्हा लांबच्या जागेची किंमत तिलाही बसभाड्यातून मोजावी लागते. पायाभरणीपासून ताब्यापर्यंत पाच वर्षं गेली, त्याआधीची आंदोलनाची वर्षं वेगळीच. तरी ऊसतोड कामगारांच्या संघटना आपल्या जिल्ह्यात इतकी वर्षं आहेत, त्यांच्यापैकी कुणी पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या कडेला असं काही का उभारलं नाही, हा प्रश्न मला पडतो.

सोडत असो की संस्था, शेवटी अडतं ते कागदांवर, आणि ते कागद पुण्यात मिळत नाहीत, बीडच्या तहसीलमध्ये मिळतात. म्हाडाने २०२३पासून सोडतीच्या आधीच कागद तपासायला सुरुवात केली. बारकोड असलेला अधिवास दाखला, पॅन, आधार, उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र हे सगळं अर्ज भरतानाच चढवावं लागतं. पुणे, मुंबईसारख्या महानगर क्षेत्रांत वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न अत्यल्प गटात आणि नऊ लाखांपर्यंत अल्प गटात बसतं. उत्पन्न धरतात ते नवरा-बायकोचं मिळून, आई-वडिलांचं नाही. कंपनीत पंचवीस-तीस हजार पगार असलेला मुलगा ‘आपण काय गरिबांच्या यादीत बसत नाही’ म्हणून अर्जच करत नाही, आणि चुकतो.

गावाकडच्या घराचा प्रश्न यातला सगळ्यात अवघड. म्हाडाच्या नेहमीच्या योजनेत अट एवढीच की अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान मुलांच्या नावावर त्या शहराच्या हद्दीत घर नसावं. कपिलधारला चार खोल्या असल्या तरी पुण्यात अर्ज चालतो. प्रधानमंत्री आवास योजनेत तसं नाही. तिथे कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलं. १ सप्टेंबर २०२४पासून लागू झालेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मागच्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेल्यांनाही बाद केलं आहे. या टप्प्यात पहिल्या आठ लाख कर्जावर चार टक्के व्याज सवलत आहे, एकूण एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, त्यामुळे बाद होणं परवडणारं नाही. गावात वडिलांच्या नावाने घरकुल आलं, तर चाकणला राहणारा अविवाहित मुलगा त्याच कुटुंबात मोजला जातो; लग्न झालेल्या मुलाचं कुटुंब वेगळं धरतात. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर मुलाचं नाव ‘पुढे बरं पडेल’ म्हणून आधीच चढवून ठेवलं असेल, तर लग्नानंतरही ते पक्कं घर त्याच्याच नावावर दिसतं. वाटणीपत्र करताना, घरकुलाचा अर्ज भरताना किंवा नमुना आठवर नोंद घेताना ग्रामसेवक विचारतो, ‘नाव कुणाचं लावू?’ त्याचं उत्तर देण्याआधी पुण्यातल्या पोराला फोन करावा.